वेळ राखणारा रिले
कोलकात्यानजीक उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अ‍ॅम्बॅसडरसारख्या मोटारींत विजेची उपकरणे मुळातच मोजकी असल्याने, पंखा किंवा जादा दिवे मागाहून जोडले जात आणि अशा कामाचे सामान कोलकात्यातील मल्लिक बाजारात मिळे. या जोडणीत रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विद्युतचुंबकीय बटण, मध्यवर्ती असतो. साध्या रिलेच्या ८५ व ८६ या टोकांमध्ये गुंडाळी असते. बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून ३० क्रमांकाच्या टोकाला येतो आणि ८७ मधून उपकरणाकडे जातो. टायमर रिलेत याला कालमापक मंडलाची जोड मिळते : रोधकातून कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, हळूहळू भरत जातो आणि ठरावीक विद्युतदाबाला पोचताच गुंडाळीचा प्रवाह तुटतो. ५५५ या प्रचलित चिपला २७० किलोओहमचा रोधक व १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास सुमारे ३० सेकंद मिळतात. अर्थात घड्याळाचा काटेकोरपणा येथे अपेक्षित नाही. गुंडाळी बंद होताना उसळणाऱ्या उलट दाबापासून चिप वाचवण्यासाठी गुंडाळीला समांतर उलटा डायोड लावतात. फ्यूज मात्र बॅटरीलगतच हवा, कारण त्याच्या अलीकडची तार घासून उघडी पडल्यास तिला कोणतेच संरक्षण उरत नाही. तसेच कोलकात्याच्या दमट हवेत टोके गंजत असल्याने रिलेची टोके खाली ठेवून बसवणे सोयीचे ठरते.