‘रेड रॉक वेस्ट’ : भलत्याच नावाने ओळखला गेलेला सिनेमा

दिग्दर्शक जॉन डालचा ‘रेड रॉक वेस्ट’ हाती आला तेव्हा तो नेमका काय म्हणून विकायचा, हेच वितरकांना उमगेना. नाव वेस्टर्नचं, गोष्ट थ्रिलरची आणि बाज चाळीसच्या दशकातल्या स्वस्तातल्या फिल्म न्वारचा. अखेर अमेरिकेत तो थिएटरला वळसा घालून १९९३ मध्ये थेट एचबीओ या केबल वाहिनीवर लागला. घरबसल्या दाखवून झालेला सिनेमा तिकीट काढून कोण बघणार? पण सॅन फ्रान्सिस्कोमधल्या रॉक्सी या जुन्या, छोट्या थिएटरच्या बिल बॅनिंगने तो टोरोंटोच्या महोत्सवात पाहिला होता. त्याने पिच्छा पुरवून १९९४ च्या सुरुवातीला तो लावला. गर्दी झाली आणि मग इतर शहरांतूनही मागणी आली. अमेरिकेतला एकूण गल्ला तरी जेमतेम २५ लाख डॉलरचा.

आज पुन्हा पाहताना जाणवतं ते हे, की या गोष्टीला पैसा लागतच नाही. एक बार, एक हमरस्ता आणि एक होकार, एवढ्यावर ती उभी आहे. मायकेल (निकोलस केज) तेलविहिरीवरच्या नोकरीच्या आशेने टेक्सासहून वायोमिंगला येतो. पायाची जुनी दुखापत तो अर्जात सरळ लिहून टाकतो आणि नोकरी हुकते. पेट्रोल पंपाच्या ऑफिसात समोर नोटा आहेत, आसपास चिटपाखरू नाही. तरी तो हात लावत नाही. मग रेड रॉक गावातल्या बारमध्ये मालक वेन त्याच्या गाडीची टेक्सासची नंबरप्लेट पाहून विचारतो, लाइल तूच का? कामाची गरज असलेला मायकेल हो म्हणतो. काम काय, ते नंतर कळतं: वेनच्या बायकोचा, सुझॅनचा खून. मायकेल तिला सावध करायला जातो, तर ती नवऱ्याला संपवण्यासाठी दुप्पट रक्कम देऊ करते!

सिनेमातला सगळ्यात चोख प्रसंग इस्पितळातला. रस्त्यात गाडीखाली आलेल्या माणसाला मायकेल इमानाने तिथे नेतो. इस्पितळवाले शेरीफला बोलावतात. दार उघडून शेरीफ आत येतो, तो वेनच. डाल इथे उगीच आरडाओरडा करत नाही; वेन झालेला जे. टी. वॉल्श नुसता बघतो, आणि आपल्यालाच घाम फुटतो. गावाच्या वेशीवरची स्वागताची पाटी तर मायकेलला इतक्यांदा दिसते की नंतर नंतर हसू येतं.

उत्तरार्धात खरा लाइल (डेनिस हॉपर) हजर होतो आणि उघड होतं की वेन-सुझॅन ही नावंही खोटीच. इलिनॉयमधल्या पोलाद कारखान्याचे जवळजवळ २० लाख डॉलर लुटून हे जोडपं इथे दडलंय. कबरस्तानात पुरलेल्या त्या पैशांवरची झोंबाझोंबी मात्र मला लांबलेली वाटते. तिथे हॉपरही हात सैल सोडतो.

डालच्या पुढच्या ‘द लास्ट सिडक्शन’चंही (१९९४) तेच झालं: आधी एचबीओ, मग थिएटर. टीव्हीवर आधी दाखवल्यामुळे त्याची नायिका लिंडा फिओरेंटिनो ऑस्करच्या स्पर्धेत उतरूच शकली नाही. गंमत म्हणजे पुढे टीव्हीनेच डालला भरपूर काम दिलं. ‘डेक्स्टर’चे कितीतरी भाग त्याने दिग्दर्शित केले, ‘ब्रेकिंग बॅड’चाही एक.