शाळा आणि घरपट्टी

अमेरिकेंत बिऱ्हाड थाटणारे आपले मुलगे व जांवई घर घेतांना आधीं शाळा पाहतात, याचें कित्येक वाचकांस नवल वाटत असेल. याचें मूळ तेथील शाळांच्या कारभारांत आहे. टेक्सस राज्यांत जवळजवळ प्रत्येक शाळा-विभाग ही नगरपालिकेहून निराळी संस्था असते. नागरिकांनीं निवडलेलें विश्वस्तमंडळ मुख्य अधिकारी नेमतें, अंदाजपत्रक मंजूर करतें आणि घरां-जमिनींवर कर बसवितें. योजना ऐकावयास गोड. पण त्या करांतच खरी मेख आहे.

सॅन अँटोनियो येथील १९६७-६८ सालची गोष्ट घ्या. एजवुड या बहुतांशीं मेक्सिकन वंशाच्या गरीब विभागांत शंभर डॉलरांच्या मिळकतीवर १.०५ डॉलर कर होता. अलामो हाइट्स या सधन उपनगरांत अवघा ०.८५. असें असूनही दर विद्यार्थ्यामागें स्थानिक करांतून एजवुडला २६ डॉलर उरत, अलामो हाइट्सला ३३३! सरकारी मदत धरूनही ३५६ आणि ५९४ हा फरक राहिलाच. जास्त दरानें कर भरणाऱ्याच्या मुलास कमी शिक्षण, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाहीं.

डिमीट्रिओ रॉड्रिगेझ प्रभृति पालक न्यायालयांत गेले. १९७३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. १९८९ सालीं मात्र टेक्ससच्याच सर्वोच्च न्यायालयानें ही पद्धति राज्यघटनेस सोडून असल्याचें ठरविलें. १९९३ च्या कायद्यानें सधन विभागांच्या उत्पन्नांतील कांहीं भाग इतरांकडे वळविला. लोक त्यास ‘रॉबिन हूड’ म्हणूं लागले. अलामो हाइट्सलाही तो भाग द्यावा लागला आहे.