मोटार मुकी होते तेव्हा

हुबळी आणि धारवाड ही जोडशहरे 1962 साली एकाच महानगरपालिकेखाली आली, तरी दोहोंमधले वीस किलोमीटरांचे अंतर जिथल्या तिथे राहिले. एकीकडे घर आणि दुसरीकडे नोकरी, कॉलेज वा दवाखाना, अशा रीतीने अनेक कुटुंबांचा संसार या रस्त्यावर चालतो. अशा घरी रात्री-अपरात्री आजाऱ्यास न्यावयाचे असावे आणि नेमकी मोटार मुकी व्हावी, यासारखी पंचाईत नाही. आजाऱ्यास ताटकळत ठेवू नये. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आधी बोलवावी. मोटारीकडे मग सावकाश पाहावे.

प्रथम कान द्यावा. किल्ली फिरविताच इंजिन नेहमीच्या जोमाने फिरते, पण पेट घेत नाही, तर दोष बहुधा बॅटरीत नसून इंधनात अथवा ठिणगीत असतो. इंजिन कण्हत फिरते किंवा नुसती भराभर टकटक ऐकू येते, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या तारांची पकड सैल आहे. एकच 'टक्' होऊन दिवे लखलखीत राहिले, तर संशय स्टार्टरवर घ्यावा. काहीच आवाज नसेल, तर गिअर तटस्थ आहे का, क्लच पुरता दाबला आहे का, हे आधी पाहावे.

1912 साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला. तोवर लोखंडी दांडा हाताने फिरवावा लागे, आणि त्याच्या उलट झटक्याने मनगटे मोडत. ते कष्ट आता बॅटरी सोसते. दिव्यांस थोडे अँपिअर पुरतात, स्टार्टरला शंभराहून अधिक लागतात. म्हणून दिवा लागला एवढ्यावरून बॅटरी शाबूत मानणे फसवे होय. किल्ली फिरविताना दिवे विझू विझू झाले, तर बॅटरी किंवा सांधा दुबळा समजावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट भरतो. 12 च्या खाली गेला तर ती रिकामीच.

सांध्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटे चढतात आणि विजेची वाट अडवितात. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावीत. मात्र ऋण तार आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. मोटारीचा सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो. धन टोकावरचा पाना सांगाड्यास टेकला तर ठिणग्या उडून हात भाजतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तारेचा तुकडा अडकविणे म्हणजे घरच्या गाडीस आपल्या हाताने काडी लावणे होय.

शेजाऱ्याच्या गाडीची वीज उसनी घ्यावयाची, तर लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ ठिणगी उडाली तर स्फोट होतो. फुटलेल्या बॅटरीस हे करूच नये.

गाडी सुरू झाली की काम संपले, असे मात्र नव्हे. इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांशी बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळतात. आकडा बाराच्याच घरात रेंगाळला, तर अल्टरनेटर वीज भरीत नाही असे जाणावे. तेव्हा नवी बॅटरी घेणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे. दोन दिवसांत तीही उतरेल आणि पैसे पाण्यात जातील. म्हणून गृहस्थांनी मिस्त्रीस आधी मीटर लावण्यास सांगावे, आणि मगच पाकिटास हात घालावा.