अंगजडत्व, मादक द्रव्यजन्य

अफू, भांग, मद्य, शांतक औषधे इत्यादींच्या सेवनानंतर हातपाय, पापण्या किंवा सर्व शरीर जड झाल्याची होणारी संवेदना. शरीराचे वजन वाढलेले नसते. हालचालीस लागणाऱ्या प्रयत्नाची जाणीव तेवढी वाढते.

एखादी वस्तू जड आहे हे केवळ त्वचेवरील दाबावरून कळत नाही. स्नायूंना दिलेला आदेश किती जोरदार होता याचीही नोंद मेंदू ठेवीत असतो. क्युरारे या विषाने स्नायू अंशतः दुर्बल केले असता तेच वजन अधिक भारी वाटते, असे प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे एकाच शब्दाने सांगितल्या जाणाऱ्या या संवेदनेची कारणे द्रव्यागणिक निराळी असतात. डायझेपामासारख्या शांतकांमुळे स्नायूंचा ताण उतरतो व तंद्री येते. मद्याने स्नायूंचा मेळ बिघडतो.

भांग व गांजा यांतील मुख्य क्रियाशील घटक टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल हा होय (१९६४ मध्ये शुद्ध रूपात अलग केला गेला). त्याचे ग्राही निमस्तिष्कात आणि हालचालींचे नियमन करणाऱ्या इतर केंद्रांत विपुल, तर श्वसनाचे नियमन करणाऱ्या लंबमज्जेत विरळ असतात. म्हणून भांग घेतलेल्याचे हातपाय शिशाचे झाले, तरी श्वास सहसा चालू राहतो. काहींना याउलट तरंगल्याचा भास होतो. प्यालेल्या भांगेचा परिणाम दिसण्यास अर्धा ते दोन तास लागतात. होळीच्या दिवशी ‘चढली नाही’ म्हणून दुसरा पेला घेणाऱ्याची फसगत होते ती यामुळेच.

अफू, मॉर्फीन व हेरॉइन यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे ग्राही (१९७३ मध्ये प्रयोगाने सिद्ध) श्वसन केंद्रातही असतात. रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढला, तरी हे केंद्र पुरेसे उद्दीपित होत नाही. रुग्णाला मात्र गुदमरल्यासारखे न वाटता ऊबदार, सुखद जडपणाच जाणवतो. धोका आहे तो नेमका येथे. जोडीला मद्य किंवा शांतक घेतले असल्यास तो अनेक पटींनी वाढतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, श्वास मंद व तुटक होणे, घोरल्यासारखा आवाज येणे, ओठ निळसर पडणे आणि हाक मारूनही जाग न येणे ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी ‘नशा उतरेपर्यंत झोपू द्यावे’ हा घरगुती सल्ला प्राणघातक ठरतो. श्वास चालू असल्यास रुग्णास कुशीवर वळवून, बंद पडत असल्यास कृत्रिम श्वसन देत, त्वरित रुग्णालयात न्यावे. तेथे नॅलोक्सोन हे प्रतिरोधी औषध टोचतात. त्याचा प्रभाव पुष्कळदा मूळ द्रव्याच्या आधी ओसरत असल्याने शुद्धीवर आलेल्या रुग्णासही काही तास निरीक्षणाखाली ठेवावे लागते.