बँकेंतील नोकरी आणि घरचें स्वास्थ्य

नागपूरच्या संविधान चौकास पुष्कळ लोक अद्यापि रिझर्व्ह बँक चौक म्हणूनच ओळखतात. तेथें सकाळीं दहाच्या सुमारास क्षणभर उभें राहिलें तर बँकांकडे लगबगीनें जाणारा एक मोठा वर्ग दृष्टीस पडतो. या वर्गाविषयीं आमच्या समाजांत एक समजूत फार दिवसांची आहे. पंख्याखालीं बसून आंकडे मांडावयाचे, ठरल्या दिवशीं पगार घ्यावयाचा, यापलीकडे त्यांस काय कष्ट? मुलीसाठीं स्थळ पाहतांना ‘मुलगा बँकेंत आहे’ एवढें म्हटलें कीं पुढील चौकशी थांबत असे. ही समजूत आतां तपासून पाहिली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

दि. १९ जुलै १९६९ रोजीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें; १५ एप्रिल १९८० रोजीं आणखी सहांचें झालें. बँक खेडोपाडीं पोंचली, हें देशाचें हितच होय. परंतु त्याबरोबर कामाचें स्वरूपहि पालटत गेलें. पूर्वीं खातेवही मिटली कीं कारकुनाचा दिवस संपे; आज साहेबांचा निरोप भ्रमणध्वनीवरून जेवणाच्या पाटापर्यंत येतो. रोखपालास रोकड आणि हिशेब दिवसअखेर जुळवावाच लागतो, आणि तूट आली तर ती बहुधा पदरची भरावी लागते. अधिकाऱ्यामागें ठेवी आणि कर्जवसुली तर आहेच, शिवाय विमा खपविण्याचें उद्दिष्टहि आहे. त्यांत बदलीची टांगती तलवार आणि मार्चअखेरची धांदल!

दि. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा बाद झाल्या, तेव्हांची गोष्ट वाचकांस आठवत असेल. एक दिवस बंद राहून बँका उघडल्या त्या रांगांसमोरच. त्या आठवड्यांतील शनिवार-रविवारहि कामांत गेले. नियम वरचेवर बदलत होते आणि लोकांचा संताप निघे तो खिडकीआड बसलेल्या माणसावर. वास्तविक नियम करणारा तो नव्हता, आणि मोडणें तर त्याच्या हातींच नव्हतें.

खरें मर्म येथेंच आहे. रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकानें १९७९ मध्यें असें मांडलें कीं, केवळ काम पुष्कळ असल्यानें मनुष्य खचत नाहीं. कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचा अधिकार मात्र थोडा, अशी स्थिति झाली म्हणजे तो खचतो. शरीरहि यांतून सुटत नाहीं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, आठवड्यास ५५ तास किंवा अधिक काम करणारांस ३५ ते ४० तास काम करणारांपेक्षां पक्षाघाताचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं, आणि हृदयविकारानें मृत्यूचा १७ टक्क्यांनीं अधिक आढळला.

मग उपाय काय? रिझर्व्ह बँकेचा एक नियम या दृष्टीनें विचार करण्यासारखा आहे. संवेदनशील जागेवरील कर्मचाऱ्यास वर्षांतून एकदां, पूर्वसूचना न देतां, निदान दहा कामाचे दिवस सलग रजेवर पाठवावें, असा तिचा २०२१ चा आदेश आहे. हेतु अफरातफर उघडकीस यावी हा; परंतु त्यांतून दुसराहि बोध निघतो. महत्त्वाचा मनुष्य दहा दिवस नसला तरी बँकेचें काम चालतें! तेव्हां ‘मी नसलों तर शाखेचें कसें होईल’ या भयानें हक्काची रजा सडवूं नये.

घरच्या मंडळींचें कर्तव्यहि थोडें नाहीं. बँकेंतून आलेल्या माणसापुढें अर्धा तास तरी संसाराच्या तक्रारी मांडूं नयेत. बढती मिळालेल्या चुलतभावाशीं त्याची तुलना तर कधींच करूं नये. आणि नोकरी करणारी सून असेल तर? मुलगा दमून येतो, आणि ती मात्र ओट्याशीं उभी राहण्यासाठींच येते, हा न्याय कोणता? एकत्र कुटुंबाचें बळ कामाची वांटणी करण्यांत आहे. तें येथें दिसलें पाहिजे.

झोप उडणें, अन्नावरची वासना जाणें, मुलाबाळांतहि मन न रमणें, हीं लक्षणें दोन आठवडे टिकलीं तर तो स्वभावदोष समजूं नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा. जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला तर एक दिवसहि थांबूं नये, आणि त्या माणसास एकटें सोडूं नये. ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. तापास वैद्य बोलावण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. मनाच्या दुखण्यासच तो कां वाटावा? दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब पैपर्यंत राखणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचा हिशेब त्याच्या घरानें राखावा, एवढीच आमची विनंति आहे.