नेमक्या आवाजाची गायिका : बार्बारा श्लिक

बाखच्या 'मॅथ्यू पॅशन'मध्ये येशूच्या खटल्याचा प्रसंग येतो. याने असा कोणता गुन्हा केला, असे रोमन सुभेदार पिलात विचारतो. जमाव उत्तर द्यायच्या आधी एक स्त्रीस्वर पुढे येतो आणि येशूने आंधळ्या-पांगळ्यांसाठी काय केले ते सांगून, प्रेमापोटी तो मरण पत्करतो आहे, असे गाऊ लागतो. या गाण्याला साथ तिघांचीच आहे : एक आडवी लाकडी बासरी आणि दोन ओबोए दा काच्चा, म्हणजे चामड्याने मढवलेल्या बाकदार नळीची आणि पितळी तोंडाची सनईच्या कुळातली वाद्ये. बाखच्या काळच्या संगीतात खर्जाची साथ जवळजवळ अखंड चालू असते. इथे बाखने ती मुद्दाम काढून घेतली आहे. ऑर्गन गप्प, चेलो गप्प. गायिकेच्या पायाखाली काहीच नाही. श्वास जरा अडखळला, स्वर जरा हलला, तरी लपायला जागा नाही. फिलिप हेरेवेगे यांच्या दिग्दर्शनाखालील, १९८५ मध्ये निघालेल्या ध्वनिमुद्रणात हे गाणे बार्बारा श्लिक यांनी गायले आहे. जुन्या संगीताला वाहून घेतलेल्या गायिका म्हणजे मोठ्या ऑपेरासाठी अपुऱ्या आवाजाच्या, असा एक समज रूढ आहे. श्लिक यांची कारकीर्द तपासली की तो समज टिकत नाही.

श्लिक यांचा जन्म १९४३ चा, व्यूर्त्सबुर्गचा. शिक्षण त्याच गावातल्या संगीत विद्यालयात आणि पुढे एसेनला हिल्डे वेसेलमान यांच्याकडे झाले. १९६६ मध्ये ट्रंपेटवादक आडोल्फ शेरबाउम यांनी आपल्या बरोक, म्हणजे बाख-हँडेलच्या काळचे संगीत वाजवणाऱ्या, वाद्यवृंदासाठी त्यांना गायिका म्हणून घेतले. हा काळ ध्यानात घ्यायला हवा. बाख आणि हँडेल तेव्हाही सर्वत्र गायले जात होते, पण बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या सवयींनी : मोठा गायकवृंद, मोठा वाद्यवृंद आणि प्रत्येक लांब स्वरावर भरघोस कंप. जुनी वाद्ये आणि जुने ग्रंथ हाताशी घेऊन त्या संगीताकडे नव्याने पाहणारी पिढी नुकती उभी राहत होती. पुढे या चळवळीतल्या हेरेवेगे, टोन कोपमन, रने याकोब्स, सिगिस्वाल्ट कौकेन अशा अग्रणींबरोबर श्लिक गायल्या. नंतर वुपरटालच्या संगीत विद्यालयात त्यांनी नवे गायकही घडवले.

या संगीताला वेगळा आवाज का लागतो, याची कारणे वाद्यांत आणि हिशेबात आहेत. बरोक व्हायोलिनच्या तारा जनावराच्या आतड्यापासून केलेल्या, तातेच्या असतात. त्यांचा नाद पोलादी तारांपेक्षा मऊ आणि आखूड. आज बरोक वाद्ये साधारणपणे ४१५ हर्ट्झवर लावतात, म्हणजे आधुनिक ४४० पेक्षा सुमारे अर्धा स्वर खाली. १७३० मध्ये बाखने लाइपझिगच्या नगरसभेला निवेदन दिले. त्यात एका गायकवृंदासाठी त्याने निदान १२, जमल्यास १६ गायक मागितले आणि वादक साधारण वीसच्या आसपास. म्हणजे गायिकेला शंभर वाद्यांवर मात करायचीच नव्हती. बासरीच्या शेजारी बसेल असा आवाज तिच्याकडून हवा होता. कंपाचेही तसेच. लेओपोल्ड मोझार्टने १७५६ च्या व्हायोलिनवरील ग्रंथात प्रत्येक स्वर हलवत राहणाऱ्या वादकांना फटकारले आहे. कंप हा अलंकार आहे, जागा पाहून घालायचा. तो सतत ठेवला तर दोन ओबोंच्या स्वरांशी गायिकेचा स्वर जुळत नाही आणि शब्दही पुसट होतो.

यावर पहिला आक्षेप असा की, असा आवाज चर्चच्या गाण्यांत खपून जाईल, रंगभूमीवर टिकणार नाही. त्याचे उत्तर १९९१ मध्ये याकोब्स यांनी केलेल्या हँडेलच्या 'जुलिओ चेझारे'च्या ध्वनिमुद्रणात आहे. त्यात श्लिक क्लिओपात्रा आहेत. १७२४ मध्ये लंडनला फ्रांचेस्का कुत्झोनीसाठी लिहिलेली ही भूमिका हलकी म्हणताच येणार नाही. एकटीच्या वाट्याला आठ एकल गाणी. त्यांत मोहिनी घालणे आहे, कैदेतला विलाप आहे आणि शेवटी विजयाच्या वेगवान ताना आहेत. विलापाचे गाणे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तीन भागांचे. आधी शोक, मध्ये मेल्यावर भूत होऊन छळीन असा संताप, मग पुन्हा तोच शोक, पण या वेळी गायिकेने स्वतःच्या बुद्धीने सजवलेला. तीच चाल दुसऱ्यांदा वेगळी कशी करायची, हे कागदावर लिहिलेले नसते. त्यासाठी आवाजाच्या आकारमानापेक्षा त्या काळची सांगीतिक भाषा मुखोद्गत असावी लागते, आणि ती वर्षानुवर्षांच्या विशेष अभ्यासाशिवाय येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाखच्या लाइपझिगमध्ये चर्चच्या संगीतात स्त्रिया गात नसत, वरचा स्वर मुलांचा असे. मग जुन्या रीतीचा आग्रह धरणाऱ्यांनी स्त्रीचा आवाज का घ्यावा? वस्तुस्थिती खरी आहे, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. हाम्बुर्गचा संगीतकार योहान माटेझोन स्वतः चर्चच्या संगीतात गायिका आणत होता आणि १७३९ च्या ग्रंथात त्यांचा त्याने हिरिरीने पुरस्कारही केला. म्हणजे हा वाद आजचा नाही, बाखच्याच काळचा आहे. शिवाय निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि गुस्ताफ लेओनहार्ट यांनी १९७१ पासून बाखचे कंटाटा, म्हणजे चर्चसाठीच्या गायन-वादनाच्या रचना, मुलांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायला घेतले, तेव्हा त्या मालिकेतही काही अवघड कंटाटांसाठी स्त्रियांनाच बोलवावे लागले. जुन्या काळाचा अभ्यास हा त्याची हुबेहूब नक्कल करण्यासाठी नसतो. संगीतकाराला काय ऐकू यायला हवे होते, ते शोधण्यासाठी असतो.

उरतो संकुचितपणाचा आरोप. पण श्लिक यांच्या आवाजात बुक्स्टेहुडेचे १६८० चे 'मेम्ब्रा येसू नोस्त्री' आहे आणि बाखपुत्र कार्ल फिलिप एमानुएल यांचे पॅशनवरचे ऑरेटोरिओही. रूढ मैफलींत ज्या रचना क्वचितच ऐकू येतात, त्या विशेषज्ञ गायकांमुळेच पुन्हा कानांवर आल्या. एका काळात खोल उतरलेल्या गायिकेने सगळ्यांसाठी संगीताचा पट मोठा केला, हे तिचे खरे देणे आहे.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच : या दिवाळीत निवांत वेळ काढून 'मॅथ्यू पॅशन'मधले ते एकच गाणे ऐका. बासरी, दोन ओबो आणि एक आवाज. जेमतेम पाच मिनिटे लागतात.