छोटी गाठ, लांब बिल

मानेवर किंवा दंडावर गाठ आली की डॉक्टर तिचा तुकडा तपासायला सांगतात. काम भुलीच्या एका इंजेक्शनावर उरकते, पण पावत्या सहसा दोन होतात: एक रुग्णालयाची, दुसरी पॅथॉलॉजी लॅबची. फॉर्मेलिनच्या बाटलीतला तुकडा बाहेरच्या लॅबकडे गेला असेल, तर हिस्टोपॅथॉलॉजीचा खर्च पहिल्या बिलात शोधू नका.

विम्याच्या दाव्याच्या अर्जात आजाराचा आयसीडी-१० कोड लागतो. अहवाल येईपर्यंत ती नुसती ‘गाठ’ असते, म्हणून आर२२. चरबीची साधी गाठ ठरली तर डी१७, मऊ ऊतींचा कर्करोग निघाला तर सी४९. अहवालाआधीच पक्का कोड टाकण्याची घाई नंतर दाव्यात नडते.

खरी मेख पॉलिसीतल्या ‘एक्सक्ल०४’ (Excl04) या कलमात आहे: केवळ तपासणीसाठी दाखल झालात, तर खर्च मिळत नाही. पूर्ण गाठ काढली की ती शस्त्रक्रिया. नुसता तुकडा घेतला की वाद संभवतो. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर नेमके काय केले, ते स्पष्ट लिहून घ्या.

महाराष्ट्राच्या २०२१च्या शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ते नसेल तर तक्रार आपल्या महापालिकेच्या, म्हणजे आमच्या भागात ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या, आरोग्य विभागाकडे करावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकांची रुग्णालये. तिथे आधी चौकशी करायला हरकत नाही.

दावा नाकारल्यावर केलेली लेखी तक्रार विमा कंपनीने फेटाळली किंवा तिला महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुदत एक वर्ष, शुल्क काहीही नाही.